पेवात सोडलेला दिवा

माघ सरला की कोरेगावच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्याला शिजणाऱ्या हळदीचा वास येऊ लागतो. साताऱ्यातल्या माझ्या घराची खिडकी पूर्वेला आहे. सकाळी ती उघडली की आधी धूर, मागून ओला पाला, आणि मग तो कडवट, मातीसारखा, नाकाच्या मुळाशी जाऊन बसणारा वास. कुठेतरी शेतात चुलाण पेटलेलं असतं, काहिलीत हळद असते आणि तिच्यावर तिचाच पाला झाकलेला असतो. बायको म्हणते, "आला तुमचा वास. आता चार दिवस तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही."

तिचं खरं आहे. या वासाबरोबर मला एक माणूस आठवतो आणि त्या माणसाबद्दल वाटणारा हेवा आठवतो. हळद जमिनीखालच्या पेवात नीट ठेवली तर वर्षानुवर्षं तिचा रंग उतरत नाही म्हणतात. चाळीस वर्षं होऊन गेली, माझ्या हेव्याचाही उतरलेला नाही.

माझे वडील कोरेगाव स्टेशनावर पॉइंट्समन होते. रुळांचा सांधा बदलायचा आणि हिरवा बावटा दाखवायचा, हे त्यांचं काम. आमच्या घरात छापलेले कागद दोनच. एक भिंतीवरचं पंचांग आणि दुसरं रेल्वेचं वेळापत्रक. गाडी दोन तास उशिरा आली तर वडील म्हणायचे, "गाडी चुकली. कागद न्हाई चुकत." या वाक्यावर मी वाढलो. साताऱ्याच्या वसतिगृहात स्वतःच्या हाताने भाकरी थापत मॅट्रिक झालो आणि मिरजेला गाडी बदलून सांगलीच्या कॉलेजात पोचलो. आमच्या घराण्यात पदवीच्या वर्गात बसणारा मी पहिला. निघायच्या दिवशी स्टेशन मास्तरांनी मला त्यांच्या खुर्चीवर बसवून चहा पाजला होता, आणि वडील, जे त्या खोलीत कधी बसले नव्हते, दाराशी उभे राहून माझ्याकडे बघत होते. ते बघणं मी विसरलेलो नाही. त्या खुर्चीला शोभेल असं काही करून दाखवायचं, एवढंच डोक्यात होतं. करून दाखवायचं म्हणजे पहिला नंबर काढायचा. नंबराखेरीज या जगात आणखी काही असतं हे मला सांगलीत कळलं, आणि ज्याच्यामुळे कळलं त्याला मी माफ करू शकलो नाही.

दस्तगीर हरिपूरचा. सांगलीपासून कोसभर, कृष्णा-वारणेच्या संगमावर हे गाव आहे. तिथल्या कठीण मातीत खोल पेवं खणलेली असतात. तोंड एक माणूस जाईल एवढं, आणि आत रांजणासारखं पोट. व्यापारी त्यांत हळद भरून वरून पाला आणि माती घालून तोंड बंद करतात. नवी हळद यायच्या सुमारास जुनी पेवं उघडतात. दस्तगीरचे वडील हुसेनचाचा या पेवांत उतरणारे. आपण पदवीपर्यंत शिकणारे घरातले पहिले, ही माझी मोठी गोष्ट त्याच्याकडेही होती, फक्त तो ती कधी सांगत नसे. तो सायकलवरून यायचा. पायजम्याच्या काठाला कायम पिवळा डाग. तो श्रीमंत असता, वकिलाचा किंवा सरदाराचा मुलगा असता, तर मला सोपं गेलं असतं. मी मनाशी म्हणालो असतो, याला काय, सगळं आयतं मिळालं. तसं म्हणायची सोय त्याने ठेवली नव्हती. मार्कांत तर तो माझ्या बराच मागे असायचा. ज्याच्या मी पुढे होतो त्याचाच मला हेवा वाटत होता, आणि हे कुणाला सांगावं तर लोक हसले असते.

युद्धाचे दिवस होते. वह्यांचा कागद मिळत नसे, रॉकेल रेशनवर. आम्हाला पदार्थविज्ञान शिकवायला नाडगौडा सर होते. धारवाडकडचे, बोलण्यात कानडी हेल. ते अभ्यासक्रम लवकर संपवायचे आणि उरलेल्या दिवसांत परीक्षेत येणार नाही तेच शिकवायचे. त्या फाल्गुनात त्यांनी आम्हाला इलेक्ट्रॉनची गोष्ट सांगितली. एका पडद्याला दोन चिरा. एकेक इलेक्ट्रॉन सोडायचा. पलीकडच्या काचेवर तो एका ठिकाणी ठिपका उमटवतो, कणासारखा. पण असे हजारो ठिपके जमले की त्यांतून पट्टे उठतात. पाण्याच्या दोन लाटा एकमेकींत मिसळल्या की उठावेत तसे. मग प्रत्येक इलेक्ट्रॉन गेला तरी कुठल्या चिरेतून?

"कोपनहेगनला बसलेले मोठे लोक म्हणतात, हा प्रश्नच विचारू नका," सर म्हणाले. "तुम्ही बघेपर्यंत तो अमुक ठिकाणी होता असं म्हणायला अर्थच नाही. काय रे दस्तगीर, तुमच्या हरिपूरचं पेव उघडेपर्यंत आतली हळद चांगली की किडकी?"

"आवं सर, हळद उघडायच्या आधी बी हळदच असती," दस्तगीर उठून म्हणाला. "बघणाऱ्यानं तिला पिवळं करायचं असतंय व्हय?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी हातातला खडू खाली ठेवला, खुर्ची त्याच्या बाकाच्या दिशेने वळवली आणि म्हणाले, "मग पुढे?"

ते दोन शब्द मी आयुष्यभर ऐकतो आहे. मला सर विचारायचे, "उत्तर काय आलं?" त्याला विचारायचे, "मग पुढे?" माझी खुर्ची कोरेगावच्या स्टेशनात होती, त्याच्यासाठी सरांनी स्वतःची वळवली. मी वहीत पट्ट्यांची आकृती काढत होतो, पट्टीने, सुबक. पेन्सिलीचं टोक मोडलं.

त्या रविवारी तो मला हरिपूरला घेऊन गेला. मला तो 'कोरेगाव' म्हणायचा. "ए कोरेगाव, चल, तुला तुझ्या इलेक्ट्रॉनचा बा दाखवतो." संगमावर त्या दिवशी कसलीशी पूजा होती, बायका नदीत नारळ सोडत होत्या. घाटाच्या थोडं खाली पात्राच्या मधोमध एक काळा खडक आहे. आम्ही कठड्यावर बसलो.

"बघ आता. नारळ खडकाच्या डाव्या अंगानं जाईल न्हाईतर उजव्या. एकाच बाजूनं जाणार. पण पानी?"

"दोन्ही बाजूंनी."

"मग खाली जाऊन पानी पुन्ना मिळतंय, भवरं होत्यात, पट्टं पडत्यात. आन नारळ बरोब्बर त्या पट्ट्यातनंच जातोय. त्यो एका बाजूनं गेला, पण दुसऱ्या बाजूला काय हाय ते पाण्यानं त्याला सांगिटलं." तो उठून खाली धावला आणि एका ठरावीक ठिकाणी गुडघाभर पाण्यात उभा राहिला. चार नारळ त्याच्या पायाशी येऊन लागले. त्यातला एक फोडून त्याने मला अर्धा दिला. "त्यो कायम कुटंतरी असतोच की रं. आपल्याला दिसत न्हाई ह्यो आपला दोष. नारळानं काय करायचं?"

खोबरं गोड होतं. मला ते गिळवेना. मी त्याच घाटावर, त्याच पाण्याकडे बघत बसलो होतो, आणि मला फक्त नारळ दिसले होते.

सोमवारी त्याने हे सरांना सांगितलं. सर म्हणाले, "एका फ्रेंच माणसाने हेच मांडलं होतं. लाट पुढे चालते, कण तिच्या मागून. मोठ्या सभेत त्याच्यावर इतके प्रश्न आले की त्याने विचार सोडून दिला. तू कुठे वाचलंस?"

"न्हाई वाचलं सर. नदीवर बघितलं."

सरांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटलं ते माझ्या कुठल्याही उत्तरपत्रिकेने कधी उमटवलं नव्हतं.

आता दिव्याची गोष्ट सांगायला हवी, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. पेव वर्षभर बंद असतं. आत हवा कोंडून विषारी होते. तोंड उघडल्यावर अर्धा दिवस तसंच ठेवतात आणि मग दोरीला दिवा बांधून आत सोडतात. त्या वर्षी रॉकेल नव्हतं म्हणून एरंडेलाचा दिवा होता. तो हळदीच्या थराला टेकेपर्यंत जळत राहिला तर माणूस उतरतो, आणि विझला तर त्या दिवशी कुणीही उतरत नाही, व्यापारी कितीही घाईत असो. विशेष म्हणजे दिवा सोडणारा एकच. तोंडावर वाकून तो एकटाच बघतो आणि सांगतो, "जळतोय," किंवा "विझला." दुसरं कुणी वाकून खात्री करत नाही. उतरणारा त्याच्या शब्दावर उतरतो.

"दिवा खोटं बोलत न्हाई," त्या रविवारी घाटावरून आम्ही पेवापाशी गेलो तेव्हा हुसेनचाचा मला म्हणाले होते. "दोरी धरणाऱ्यानं बी बोलू न्हये. बाकी दुनियेत काय बी बोला."

जवळच्या मातीच्या ढिगावर एक वयस्क माणूस तंबाखू मळत बसला होता. गणू माने. त्याची हकिगत दस्तगीरने मला परतताना सांगितली. अनेक वर्षांपूर्वी गणूने कंटाळा केला होता. दोरी गुंतली म्हणून दिवा अर्ध्यावरच सोडला आणि वरून म्हणाला, जळतोय. उतरलेला माणूस भोवळ येऊन पडला, कसाबसा ओढून काढला, वाचला. गणूला कुणी शिवी दिली नाही. त्याला लग्नाला बोलावतात, पंगतीत वरच्या अंगाला बसवतात, पेव उघडताना तो आला तर चहाही देतात. दोरी मात्र पुन्हा कधी त्याच्या हातात दिली नाही.

"मग तो येतो कशाला?" मी विचारलं.

"काय म्हाईत. बसतो बापडा. बघतो."

परीक्षेला तीन आठवडे उरले असताना सरांनी विज्ञान मंडळात वाद ठेवला. शनिवारी दुपारी, पायऱ्यांच्या वर्गात. कोपनहेगनची बाजू माझी, विरुद्ध बाजू दस्तगीरची. त्याआधी सर आम्हा दोघांना बोलावून म्हणाले होते, "माझे गुरुजी बंगळूरला आहेत. माझ्या शब्दावर ते दर साली एक मुलगा ठेवून घेतात. एकच. यंदा कुणाचं पत्र लिहायचं हे मी अजून ठरवलेलं नाही." हे बोलताना त्यांनी दस्तगीरकडे पाहिलं, असं मला वाटलं. कदाचित खिडकीकडे पाहिलं असेल. दस्तगीर खिडकीपाशी उभा होता.

मी आठवडाभर सरांचं एकुलतं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक उलटंपालटं केलं. नारळाला उत्तर सापडेना. शेवटी एका पानाच्या तळाशी बारीक अक्षरांतली टीप दिसली. दोनच ओळी. अशी कुठलीही लपलेली गोष्ट या सिद्धान्तात घालता येणार नाही, हे एका गणितज्ञाने सिद्ध केलेलं आहे, पाहा त्याचा जर्मन ग्रंथ. तो ग्रंथ सांगलीत नव्हता, आणि असता तरी मला त्यातलं काही कळलं नसतं. पण टीप छापलेली होती. कागद चुकत नाही. त्या गणितज्ञाचं लांबलचक नाव मी न्हाव्याच्या आरशासमोर पुटपुटून पाठ केलं.

शनिवारी दस्तगीर आधी बोलला. खडूने नदी काढली, खडक काढला. हातातल्या वहीत बघून फळ्यावर काही समीकरणंही मांडली. बोलता बोलता अडखळला की स्वतःशीच हसायचा, "थांबा, ह्ये चुकलं," म्हणून पुसायचा, आणि मुलं त्याच्याबरोबर थांबायची. सरांची खुर्ची वळली. बंगळूरचं पत्र हरिपूरच्या वाटेला लागलेलं मला दिसलं. मला वडील दिसले, दाराशी उभे.

मी उठलो आणि म्हणालो, "हे सगळं सुंदर आहे. पण हा रस्ता बंद आहे. गणिताने सिद्ध झालेलं आहे." आणि ते नाव घेतलं.

दस्तगीर फळ्यापाशीच उभा होता.

"पुरावा काय हाय?"

"मोठा आहे. जर्मनमध्ये आहे."

"तू वाचलाईस?"

सरांकडून मी जर्मनचं प्राथमिक पुस्तक आणलेलं सगळ्यांना ठाऊक होतं. मी म्हणालो, "वाचलाय."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. त्याच्या नजरेत शंका नव्हती, काळजी होती. आणि मग त्याच्या घरातला प्रश्न त्याने विचारला.

"दिवा तू सोता सोडलास?"

"होय."

"तळापतोर?"

"तळापर्यंत."

"विझला?"

"विझला."

त्याने खडू कठड्यावर ठेवला, हात झटकले. "मग इझला तर इझला," म्हणाला आणि येऊन माझ्या शेजारी बसला. एक शब्दही वाद घातला नाही. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, दाखव पुरावा, आण ग्रंथ. ज्या घरात तो वाढला तिथे असं विचारत नाहीत. सरांनी मला एकदा निरखून पाहिलं. त्यांनीही तो ग्रंथ वाचलेला नव्हता, हे मला पुढे कळलं. जगभरच्या किती मोठ्या माणसांनी तो न वाचता किंवा न तपासता मान्य केला होता, हेही पुढे कळलं, आणि काही दिवस त्याने मला फार बरं वाटलं. मग वाटेनासं झालं. त्यांना कुणी दोरी हातात देऊन विचारलं नव्हतं.

पहिला नंबर माझा आला. पत्र माझं गेलं. वडिलांनी त्या दिवशी ड्यूटीवर असूनही बंगळूरकडे जाणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला थांबवून पेढा दिला, असं आई सांगायची. मला मिळालेल्या सगळ्याबद्दल मी कृतज्ञ आहे. हे मी नुसतं लिहायचं म्हणून लिहीत नाही, खरोखर आहे. पण त्या पेढ्याची गोष्ट मी कधीच पुरती ऐकून घेऊ शकलो नाही.

बंगळूरला निघालो तेव्हा दस्तगीर मिरजेच्या फलाटावर आला होता. आईसाठी म्हणून हळकुंडांची पुरचुंडी, आणि माझ्यासाठी त्याची ती वही. "तुला लागंल. मला काय, माझं पेव तर बंद झालं." तो हसत होता. मी त्याच्या हसण्याचाही हेवा केला. हरलेल्या माणसाने असं हसावं, आणि जिंकलेल्याला गाडी कधी सुटते असं व्हावं!

वही मी मिरजेपासून बंगळूरपर्यंत उघडली नाही असं म्हणालो तर ते दुसरं खोटं होईल. गाडी सुटताच मी ती उघडली होती. तिच्यात सहा पानं भरलेली होती. वर्गात शिकवलेलं मुख्य समीकरण त्याने दोन भागांत फोडलं होतं. एक भाग पाण्यासारखा वाहणारा, दुसरा नारळाला ढकलणारा. पुढची पानं कोरी. सहाव्या पानावर वार घातला होता, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी आमचा वाद होता.

काही वर्षांनी मी साताऱ्याला प्राध्यापक झालो. एक दिवस कॉलेजात परदेशी नियतकालिकाचा जुना अंक आला. त्यात कुणा तरुण शास्त्रज्ञाने तो बंद रस्ता उघडून दाखवला होता. लाट आहे, कणही आहे, कण कायम कुठेतरी असतोच. मी वही काढून शेजारी ठेवली. त्या लेखाची पहिली पायरी आणि या सहा पानांची शेवटची पायरी एकच होती. पुढची त्याची पानं छापलेली होती आणि याची कोरी.

तो अंक मी दस्तगीरला दाखवायला हवा होता. एका दिवसाचं काम होतं, पहाटेची गाडी आणि संध्याकाळी परत. मी तो कपाटात ठेवला. नंतर तो ग्रंथ इंग्रजीत आला, तो मी खरोखर वाचला, मान मोडून वाचला. त्यातली खोट काय ते सांगणारा आणखी एक लेख आला, तोही वाचला. सगळं कपाटात गेलं. मला भीती होती असं मी स्वतःला सांगत असे. भीती थोडीच होती. मला ते त्याला द्यायचंच नव्हतं.

आणि या सगळ्या वर्षांत, दर फाल्गुनात, हरिपूरहून कार्ड येई. 'पेव उघडतोय. ये.' हुसेनचाचा गेल्यावर दस्तगीर त्या कामाचा मुकादम झाला होता. मी जात असे. जाण्यावाचून राहवत नसे. पेवाच्या तोंडाशी सगळे जमले की तो दोरी माझ्या हातात द्यायचा आणि लोकांना सांगायचा, "आमचं प्रोफेसर हाईत. दिवा बघितल्याबिगर बोलायची न्हाईत." मी वाकायचो. खाली काळोखात ती ज्योत एवढीशी होत जायची. मी म्हणायचो, "जळतोय," आणि माणूस उतरायचा. दरवर्षी, माझ्या शब्दावर.

गेल्या साली मी निवृत्त झालो. कपाट आवरताना सगळे कागद पिशवीत घातले आणि हरिपूरला गेलो. पेव सकाळीच उघडून ठेवलं होतं, दिवा सोडायला अवकाश होता. दस्तगीर चिंचेखाली घोंगड्यावर बसून हळकुंडं निवडत होता. केस पांढरे, बोटं तशीच पिवळी.

"दस्तगीर, तो पुरावा," मी म्हणालो. "आठवतो?"

"आठवतो म्हंजे? त्यानं माझा निकाल लावला की! आरं, इतकी वर्षं झाली, एकदा तरी सांग काय हाय त्यात. मला तवा जर्मन येत न्हवतं, आता इंग्रजी बी इसरत चाललोय. मराठीत सांग."

मी सांगू लागलो. नीट, पायरी पायरीने, जसं वर्गात शिकवायचो तसं. खोट कुठे आहे ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. ती मी त्याला भेट म्हणून देणार होतो. चाळीस वर्षांनी का होईना, द्यायचं काहीतरी माझ्याकडे होतं.

तिसऱ्या पायरीवर त्याने हात वर केला.

"थांब. पुन्ना सांग. दोन गोष्टी हाईत, ह्यांची मोजमापं येगळी, दोन्ही एकदम मोजता येत न्हाईत. बरोबर? आन दोघींची बेरीज मोजायला तिसरंच यंत्र. तरी तुझा ह्यो जर्मन म्हणतोय, दर टायमाला बेरीज जुळलीच पायजे?"

"सरासरीत जुळते," मी म्हणालो. "प्रयोगात तसं दिसतं."

"सरासरीत जुळंल की! पोत्यातनं मूठ काढली, मुठीची सरासरी बघितली, म्हणून दर एक हळकुंड तसंच असतंय व्हय?" त्याने समोरच्या ढिगातलं एक उचललं, मोडलं, माझ्यापुढे धरलं. "ह्ये त्यानं आधीच धरून चाललंय गड्या. धरायला कुणी सांगिटलं? ह्ये सिद्ध कुटं केलंय? ह्ये धरलं न्हाई तर पुढचं समदं पडतंय."

अर्धा तास झाला नव्हता. ज्या लेखातून मला हे समजलं तो समजायला मला दोन महिने लागले होते. आणि चिंचेखाली बसून, हळद निवडता निवडता, त्याला ते दिसलं होतं. माझ्या छातीत जुनं काहीतरी पुन्हा पेटलं. मी साठीचा माणूस. पेन्सिलीचं टोक मोडलं तेव्हाचाच तो जाळ होता.

तो मात्र आनंदाने मांडीवर थाप मारत होता. "म्हंजे नारळ खरा! सर असायला पायजे हुते आज." मग हळूहळू त्याचा हात थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. अगदी तीच नजर, शंका नसलेली.

"पर मग तवा तू वाचलास, तवा तुला ह्ये दिसलं न्हाई?"

उत्तरं दोनच होती. दिसलं नाही असं म्हणालो असतो तर मी मंद ठरलो असतो, आणि त्याच्यापुढे मंद ठरणं मला जन्मभर जमलेलं नव्हतं. मी काय बोलतो याची वाट बघत तो मोडलेलं हळकुंड बोटांत फिरवत होता. आत ते गर्द, जवळजवळ तांबडं होतं.

"मी दिवा सोडलाच नव्हता," मी म्हणालो.

त्याला लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा त्याने हळकुंड ढिगात टाकलं. एकदा नदीकडे पाहिलं. मी पिशवीतून त्याची वही आणि तो जुना अंक काढून घोंगड्यावर ठेवला. त्याने वही उघडली, ती सहा पानं उलटली आणि कोऱ्या पानावर तळहात ठेवला.

मग त्याने घराकडे तोंड करून हाक मारली, "आगं, च्या टाक. कोरेगाव आलाय." चहा आला. पितळीत दोन खारका होत्या, मोठी त्याने माझ्याकडे सरकवली. माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. खरोखर केली, वरवरची नाही.

पेवापाशी माणसं जमली. दिवा पेटवला, दोरी आली. सवयीने माझा हात थोडा पुढे गेला. दस्तगीरने दोरी घेतली आणि माझ्या पलीकडे उभ्या असलेल्या सलीमच्या, आपल्या जावयाच्या, हातात दिली. सलीम गोंधळला. "अवं, प्रोफेसर हाईत की."

"तू सोड," दस्तगीर म्हणाला. आवाज साधा होता.

सलीम वाकला. त्याच्या हातातून दोरी सरत होती, हात हात, आणि सगळी माणसं त्याच्या पाठीकडे बघत होती. "जळतोय," तो म्हणाला. उतरणाऱ्याने पागोटं बाजूला ठेवलं आणि पेवात पाय घातला.

आयुष्यात मी अनेकांचा हेवा केला. त्या जावयाचा केला तेवढा कुणाचाच नाही.

आज सकाळी खिडकी उघडली तर वास आला, आणि दुपारी कार्ड. अक्षर तेच, मजकूर तोच. 'पेव उघडतोय. ये.' खाली या वेळी एक जास्तीची ओळ आहे. कोऱ्या पानांतली चार भरली, पाचव्यावर अडलोय.

मी जाणार आहे. गणू बसायचा तो मातीचा ढीग कुठे असतो ते मला ठाऊक आहे. तिथे बसलं की पेवाचं तोंड दिसतं, आणि दोरीही दिसते.